संगणकाने चालवलेली गाडी फलाटाशी दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबते

प्रश्न

माझा छोट्या प्रतिकृती-रेल्वेचा लेआउट (रुळांची मांडणी) एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा असून त्यावर डीसीसी पद्धतीचे, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल हुकूम देणारे नियंत्रण आहे. हे हुकूम रुळांवर पाठवणारे यंत्र, म्हणजे कमांड स्टेशन, यूएसबी केबलने घरच्या संगणकाला जोडले असून त्यावर जेएमआरआय हा प्रतिकृती-रेल्वे चालवण्याचा प्रोग्रॅम चालतो. पडद्यावरच्या थ्रॉटलने (वेगाच्या नियंत्रकाने) इंजिन हवे तसे चालते, गाडीचा मार्ग बदलणारे सांधेही बिनचूक फिरतात. अडचण स्वयंचलित फेरीत येते. गाडी फलाटाच्या ब्लॉकमध्ये (रुळांच्या विजेने वेगळ्या केलेल्या तुकड्यात) शिरली की त्या ब्लॉकचा सेन्सर सक्रिय होतो, मग माझी स्क्रिप्ट काही सेकंद थांबून वेग शून्यावर आणते. तरीही एकदा इंजिन फलाटाच्या मध्यावरच उभे राहते, तर पुढच्याच फेरीत वीस सेंटीमीटर पुढे जाऊन सिग्नल ओलांडते. काल तर शेवटचा डबा सांध्यावर असतानाच प्रोग्रॅमने तो ब्लॉक रिकामा धरला, सांधा फिरवला आणि डबा रुळावरून उतरला. स्क्रिप्टमधले आकडे मी महिनाभर बदलून पाहिले आहेत. चूक स्क्रिप्टमध्ये नसेल, तर ती कोठे शोधावी?

पहिले उत्तर

स्क्रिप्ट काही दिवस बाजूला ठेवा, कारण गाडी कोठे आहे हे संगणकाला दिसत नाही. सेन्सर जे सांगतो तेवढेच त्याला कळते आणि उरलेले सारे तो वेळेवरून ताडतो. ताशी ६० किलोमीटर हा वेग १:८७ प्रमाणात सेकंदाला सुमारे १९ सेंटीमीटर इतका होतो. म्हणजे तुमचे वीस सेंटीमीटर हा जेमतेम एका सेकंदाचा फरक आहे, आणि एवढा फरक पडायला कारणे पुष्कळ आहेत. उदाहरणार्थ, थंड इंजिन दहा-पंधरा मिनिटे धावून गरम झाले की त्याच वेगपायरीवर (वेगाच्या ठरलेल्या टप्प्यावर) अधिक जोराने पळू लागते.

प्रथम डिकोडरमधील, म्हणजे इंजिनात बसवलेल्या व हुकूम पाळणाऱ्या चिपमधील, सीव्ही ३ आणि सीव्ही ४ या सेटिंगांची मूल्ये वाचून पाहा. हे दोन्ही आकडे वेग किती सावकाश वाढावा आणि उतरावा हे ठरवतात. डीसीसीच्या मानकातील सूत्र असे की सीव्ही ४ च्या मूल्याला ०.८९६ ने गुणले की पूर्ण वेगावरून थांबायला लागणारे सेकंद मिळतात. मूल्य १० असेल तर पूर्ण वेगावरून सुमारे नऊ सेकंद आणि अर्ध्या वेगावरून साडेचार सेकंद लागतील. तुमच्या स्क्रिप्टने 'शून्य' असा हुकूम सोडल्यानंतरही डिकोडर स्वतःच्या गतीने वेग उतरवत राहतो, त्यामुळे गाडी कितीशी पुढे जाणार हे ती हुकूम मिळताना किती वेगात होती यावर ठरते. वेग कमी करण्याचे काम एकानेच करावे, डिकोडरने किंवा प्रोग्रॅमने. मी ते प्रोग्रॅमकडे देतो आणि सीव्ही ४ एक-दोनवर ठेवतो.

त्यानंतर जेएमआरआयच्या रोस्टरमध्ये (इंजिनांच्या नोंदवहीत) प्रत्येक इंजिनाचा वेगआलेख मोजून घ्या. कोणत्या वेगपायरीला इंजिन सेकंदाला किती मिलिमीटर जाते हे प्रोग्रॅमला एकदा कळले, की थांबण्याचा हिशेब अंदाजावर राहत नाही. मोजण्यापूर्वी इंजिन निदान पंधरा मिनिटे फिरवून घ्यायला विसरू नका.

दुसरे उत्तर

वरील सल्ला पटला. मात्र डबा सांध्यावरून उतरण्याचे कारण निराळे आहे. तुमचा सेन्सर विद्युतप्रवाह ओळखणारा असावा असे वाटते. असा सेन्सर इंजिन ओळखतो, कारण मोटर प्रवाह घेते; पण साध्या डब्याची चाके काहीच घेत नाहीत, म्हणून इंजिन पुढच्या ब्लॉकमध्ये गेले की मागचा ब्लॉक रिकामा झाल्याचे दिसते, मग मागे सहा डबे का उभे असेनात. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: शेवटच्या डब्याच्या एका धुरीवर (दोन चाके जोडणाऱ्या दांड्यावर) दोन्ही चाकांना जोडणारा १० किलोओहमचा रोध (रेझिस्टर) बसवा. डीसीसीच्या व्होल्टेजला त्यातून सुमारे दीड मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि बहुतेक सेन्सरना तो पुरतो. शक्य असेल तर सगळ्याच डब्यांना बसवा, कारण मधली कपलिंग सुटली तर मागे राहिलेले डबे तेव्हाच दिसतील.

सेन्सर लुकलुकत असेल, म्हणजे मळलेल्या रुळांमुळे क्षणभर रिकामा आणि पुन्हा भरलेला दिसत असेल, तर जेएमआरआयच्या सेन्सर तक्त्यात डिबाउन्सचा, म्हणजे क्षणिक बदल मोजू नये म्हणून थांबण्याचा, विलंब देता येतो. हा विलंब 'रिकामा' होताना मोठा ठेवा, एखादा सेकंद तरी; 'भरला' होताना मात्र अगदी थोडा, कारण तो थेट तुमच्या थांबण्याच्या अंतरात मिसळतो. रूळ आणि चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की निम्मे लुकलुकणे आपोआप जाते, म्हणून विलंब वाढवण्यापूर्वी रूळ पुसावेत असे माझे आग्रहाचे मत आहे.

तिसरे उत्तर

फलाटाशी दोन सेन्सर ठेवा: पहिल्याने वेग उतरवून गाडी रांगत न्यायची आणि दुसऱ्याने थांबवायची. सेकंदाला तीन सेंटीमीटरने रांगणाऱ्या गाडीत अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी दीड सेंटीमीटरच फरक पडतो.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. संगणक अडकला किंवा केबल निघाली, तर गाडी आपोआप थांबेलच असे नाही, कारण कमांड स्टेशन शेवटी मिळालेला वेगाचा हुकूम रुळांवर पुन्हा पुन्हा पाठवत राहते. म्हणून रुळांचा वीजपुरवठा तोडणारे खरेखुरे बटण हाताशी असावे. पडद्यावरचे बटण पडदाच अडकल्यावर कामाला येत नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. एका इंजिनात सीव्ही ४ चे मूल्य १२ निघाले, दुसऱ्यात ३. दोघांना मी एकच स्क्रिप्ट लावत होतो! दोन्हीत ते १ केले, वेगआलेख मोजले, फलाटाच्या टोकाला दुसरा सेन्सर लावला आणि शेवटच्या डब्याला रोध बसवला. काल सलग वीस फेऱ्या घेतल्या; थांबण्यातला फरक दोन सेंटीमीटरच्या आत राहिला आणि सांधा एकदाही गाडीखाली फिरला नाही. वीज तोडणारे बटण आज बसवतो आहे. आता एक शंका उरली आहे: रोध धुरीवर चिकटवताना त्याची टोके चाकांना जोडणारा वाहक (वीज वाहून नेणारा) रंग चाकाला नीट धरत नाही, तो कसा लावावा?

दुसऱ्या उत्तराचे लेखक

रोध बसवण्यापूर्वी चाकाची आतली बाजू बारीक कानसेने घासून धातू उघडा करा, रोध धुरीवर आधी गोंदाने पक्का करा, आणि मग दोन्ही टोकांना रंगाचे दोन पातळ थर द्या. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, आणि चाक डब्यात परत घालण्याआधी मल्टिमीटरने दोन चाकांमधला रोध मोजून पाहा; तो दहा किलोओहमच्या आसपास दिसला पाहिजे.