शब्दचर्चा: कष्ट, मेहनत, राबणे, खपणे, कसणे

नाशिकरोडहून प्रश्न:
मुलीच्या निबंधात वाक्य होतं, 'माझी आजी दुसऱ्याच्या शेतात राबली.' ते खोडून 'आजीने परिश्रम केले' असं सुचवलं गेलं. अर्थ तोच राहतो का?

निफाडहून:
नाही ताई, राहत नाही. परिश्रम माणूस आपणहून करतो, मेहनतही तशीच. 'मेहनत' अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात अर्थ कसोटी, संकट असा. आज मात्र त्याची नजर फळाकडे असते. गाण्याची मेहनत, अभ्यासाची मेहनत. मेहनतीला मेहनताना मिळतो. कष्टाला तसा शब्दच नाही.

आमच्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे विरळणी येते. मांडवाखाली दिवसभर मान वर, हात वर, कातरीने एकेक मणी काढायचा. ते कष्ट. थंडी उतरली की मणी तडकू नयेत म्हणून मालक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, त्यालाही कष्ट पडतातच. पण तो 'यंदा बागेवर मेहनत घेतली' म्हणू शकतो. सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी तसं म्हणत नाही. ती म्हणते, 'कामाला आलोय', फार तर 'उक्तं घेतलंय', म्हणजे सगळं काम ठरलेल्या रकमेत. सगळ्यात जास्त अंगमेहनत करणाऱ्यांच्या तोंडी स्वतःच्या कामाचं कौतुक करणारा शब्द मला क्वचितच ऐकू येतो. याचं मला फार वाईट वाटतं.

'राबणे'मध्ये मागे कुणीतरी उभा असल्याचा भास आहे. म्हणून तर 'राबवून घेणे' म्हटलं की पिळवणूक दिसते. 'मेहनत करून घेणे' म्हटलं की तालीम आठवते.

लासलगावहून:
'खपणे' राहिला. कांदा खपतो, म्हणजे विकला जातो. लढाईत माणसं खपतात, म्हणजे मरतात. आणि बाई दिवसभर चुलीपुढे खपते. तिन्हींत संपणं आहे. घरकामाला हाच शब्द चिकटावा, हे बोलणाऱ्यांना नकळत खरं सांगून गेलेलं आहे.

पेठहून:
दादा, 'कसणे' वेगळा काढा. जमिनीत कस, कामात कस लागणे, आणि जमीन कसणे. वरचे सगळे शब्द झीज सांगतात, हा एकटा हक्क सांगतो. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा 'राबेल त्याची जमीन' अशी झाली नाही. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांना, काही अटींवर, जमिनीचे खरेदीदार मानलं गेलं. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड भूमिहीनांच्या सत्याग्रहाला उभे राहिले, तेही ज्यांच्याकडे कसायला तुकडा नव्हता त्यांच्यासाठी. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो लोक पायी गेले. त्यात आमच्या भागातले आदिवासी खूप होते. मुख्य मागण्यांत एक ही होती: कसत असलेल्या वनजमिनी नावावर करा. वनजमीन कसणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा. तरी चालावं लागलं. अर्जात 'कसतो' लिहावं लागतं, आणि ते सिद्धही करावं लागतं. नुसतं राबून सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

निफाडहून, पुन्हा:
म्हणून ताई, वाक्य बदलू नका. आजी 'दुसऱ्याच्या शेतात' होती ना? मग 'राबली'च बरोबर. शेत तिचं असतं तर 'कसलं' लिहिता आलं असतं.