सल्ला हवा : १९४०च्या आसपासच्या कॉमिक्समधलं एखादं जगावेगळं सुपरहिरो पात्र

तिरफळ
माझी भाची बारा वर्षांची आहे, चित्रं झकास काढते. सुपरहिरो तिला आवडतात, पण "सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे" ही तिची तक्रार, आणि ती रास्त आहे. १९३८ला सुपरमॅन आला आणि त्यानंतरची दोन-चार वर्षं अमेरिकेतल्या चित्रकारांनी मनाला येईल ते करून पाहिलं, एवढं मला माहीत आहे. त्या काळातलं, आता विस्मरणात गेलेलं एखादं पात्र सुचवा. वाचायला कुठे मिळेल तेही सांगा.

कागदी_होडी
फँटोमा! 'जंगल कॉमिक्स', अंक दुसरा, फेब्रुवारी १९४०. जंगलाचं रक्षण करणारी सोनेरी केसांची बाई. ती खवळली की चेहऱ्याची निळी कवटी होते, केस मात्र होते तसेच सोनेरी. फ्लेचर हँक्स 'बार्कले फ्लॅग' या टोपणनावाने ती काढायचा. गोष्ट, रेखाटन, शाई, अक्षरं, सगळं एकहाती. त्याचाच स्टारडस्ट हा सुपरहिरोही बघा. एका गोष्टीत तो गुन्हेगारांच्या म्होरक्याचं नुसतं भलंमोठं डोकं करतो आणि अंतराळात एका बिनडोक्याच्या राक्षसाकडे भिरकावून देतो. त्या डोक्याचा चेहरा एकदा पाहिलात की विसरणार नाही. हे अंक आता स्वामित्वहक्काबाहेर आहेत, 'डिजिटल कॉमिक म्युझियम'वर फुकट मिळतात.

जुनी_रद्दी
हँक्स ताकदीचा आहेच, पण भाचीच्या हाती थेट देऊ नका. शिक्षा फार क्रूर आहेत आणि त्या काळच्या जंगलकथांत आफ्रिकी माणसं ज्या तऱ्हेने रंगवली आहेत, ते मोठ्यांनी शेजारी बसून समजावून सांगावं लागतं.

माझं मत मा हंकेलला. तिचं नाव ॲबिगेल, किराणा दुकान चालवणारी, अंगाने थोराड, तोंडाने फटकळ, पोरांची आई. शेल्डन मेयरच्या 'स्क्रिबली' या मालिकेत ती १९३९पासून होती. स्क्रिबली म्हणजे चित्रकार व्हायची स्वप्नं बघणारा पोरगा, त्यामुळे तुमच्या भाचीला तोही आवडेल. नोव्हेंबर १९४०च्या 'ऑल-अमेरिकन कॉमिक्स'मध्ये (अंक २०) मा स्वतःच गुंडांचा समाचार घ्यायला निघते आणि रेड टॉर्नेडो होते. शक्ती कसलीच नाही. लाल रंगाचे थंडीत आतून घालायचे लांब कपडे, खांद्यावर झूल आणि डोक्यावर चक्क स्वयंपाकाचं पातेलं, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं! लोकांना वाटतं, कुणीतरी आडदांड पुरुष आहे.

मला ती आवडते ती नुसती हसवते म्हणून नव्हे. गल्लीत कुणाचं पोर कुठे असतं, कोण कुणाला दमदाटी करतं, हे दुकानदार बाईला जेवढं ठाऊक असतं तेवढं उडणाऱ्या माणसाला कुठून ठाऊक असणार? तिची लढाई त्या माहितीवर चालते. शिवाय वंडर वुमन आली त्याच्या वर्षभर आधीची ही बाई आहे.

कागदी_होडी
जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या संघाच्या पहिल्या बैठकीला येऊन जाते ती हीच ना?

जुनी_रद्दी
हो, हीच. 'ऑल स्टार कॉमिक्स'चा तिसरा अंक. येते, पँट फाटते आणि लगेच निघून जाते. मेयर त्या वेळी तिथला संपादकही होता, म्हणजे दिमाखदार नायकांच्या पंगतीत आपल्या दुकानदारणीला त्याने मुद्दाम पाट मांडला. हा अंक डीसी या प्रकाशनसंस्थेच्या 'ऑल स्टार कॉमिक्स अर्काइव्ह्ज'च्या पहिल्या खंडात आहे.

निवडुंग
मॅडम फेटल राहिली की! 'क्रॅक कॉमिक्स', अंक पहिला, मे १९४०. निवृत्त नट रिचर्ड स्टँटन म्हातारीचा वेश घेऊन, हातात काठी धरून गुंडांना लोळवतो. मुलीचं अपहरण झालेलं असतं, त्यातून हे सुरू होतं. चित्रकार आर्थर पिनाजियन पुढे कॉमिक्स सोडून चित्रकलेतच रमला आणि मरेपर्यंत अज्ञात राहिला. लाँग आयलंडवरच्या त्याच्या घरात चित्रांचा ढीग सापडला, तेव्हा कलासमीक्षकांचं लक्ष गेलं. चित्रं काढणाऱ्या मुलीला ही हकीकत जरूर सांगा.

तिरफळ
मा हंकेलपासून सुरुवात करतो. पातेल्याचं शिरस्त्राण ऐकूनच ती वही घेऊन बसेल. मॅडम फेटल त्यानंतर. फँटोमा आधी मी वाचतो, मग ठरवतो.

जुनी_रद्दी
उत्तम. फक्त शोधताना 'मा हंकेल' असंच टाका. नुसतं 'रेड टॉर्नेडो' टाकलंत तर १९६८चा यंत्रमानव समोर येईल. नाव तेच, पात्र वेगळं.