मदत हवी आहे: आईसाठी गुहागरात भाड्याचं घर
नमस्कार मंडळी. आईचं लहानपण गुहागरात गेलं. परवा व्याडेश्वराचं दर्शन घेऊन येताना एका वाडीच्या गडग्याशी ती थांबली. पोफळींच्या आळ्यांत नुकतंच पाणी सोडलं होतं, ओल्या मातीचा वास सुटला होता, मागे समुद्राची गाज. कितीतरी वेळ हलली नाही. म्हणाली, "मला इथेच ठेव."

जून ते ऑगस्ट गावातल्या खालचा पाट या भागात दोन खोल्या भाड्याने मिळतील का? तळमजलाच हवा, गुडघे दुखतात. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, पण सुका बांगडा तिला पुरे. काळजी एकच: मुसळधार पावसात, रात्रीबेरात्री डॉक्टर मिळतो का? चिपळूण जवळपास 45 किलोमीटर. पावसाळ्यात गुहागरात राहिलेल्यांनी कृपया सांगा.