आतल्या भिंतीपर्यंत कटर पोचणार कसा?
‘धातूचा भाग आधी थ्रीडी प्रिंट करून मग व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कापायला लावलं तर काय बिघडलं?’ असं कुणी विचारेल. बाहेरच्या पृष्ठभागापुरतं काहीच नाही. गोची आतल्या बाजूला आहे. इंजेक्शन मोल्डमधली (प्लास्टिकच्या वस्तू बनवायच्या साच्यातली) खोल, अरुंद रिब (खाच) किंवा पोकळीच्या आकाराप्रमाणे वळणारी, साचा थंड करणाऱ्या पाण्याची वाट घ्या; जॉब पूर्ण झाल्यावर तिथे कटर पोचतच नाही. जपानच्या मात्सुउरा कंपनीचं ल्युमेक्स मशीन याचसाठी धातूच्या पावडरचे साधारण दहा थर लेसरने वितळवून झाले, की लगेच त्यांच्या कडा बारीक एंडमिलने (फिरत्या कटरने) कापून घेतं. लांब टूल नको, पुन्हा सेटिंगही नको. पण कूलंट (कापताना सोडायचं थंड करणारं द्रव) विसरा, पावडर भिजेल! शिवाय लेसर चालू असताना स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) नुसता बसून. साध्या ब्रॅकेटसाठी कुणी हे मशीन घेऊ म्हणालं, तर मी आधी तासाचा दर मांडायला सांगेन.