उत्तरेच्या यात्रेला सामान किती न्यावे आणि काय घरी ठेवावे?

केवडा, फोंडा

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीकडे झुकलेल्या सासूबाई, मथुरा, वृंदावन, आग्रा, हरिद्वार, ऋषिकेश आणि शेवटी दिल्ली असा प्रवास करणार आहोत. जाताना मडगावहून गोवा एक्सप्रेसच्या वातानुकूलित तृतीय श्रेणीचे आरक्षण मिळाले आहे आणि परतीचे तिकीट दिल्लीहून मोपाच्या विमानाचे आहे.

निघायला अजून अवकाश आहे, तरी आतल्या खोलीत सामानाचा ढीग साचू लागला आहे. दोन मोठ्या चाकांच्या बॅगा, चौघांसाठी वेगवेगळ्या चादरी, घरचे उकडे तांदूळ, सोले, खोबरेल तेलाची मोठी बाटली, थंडीसाठी घ्यायची म्हणून ठरवलेली जाड जाकिटे, आणि सासूबाईंची पूजेची पिशवी. त्या पिशवीत ताम्हन, पळी-पंचपात्र, सहाण आणि लहान समईसुद्धा आहे. घरातले प्रत्येक जण येता-जाता काहीतरी आणून ठेवते आणि ‘असू दे, लागलं तर’ म्हणते. हे सगळे घेऊन चार ठिकाणी उतरणे, चढणे आणि मुलीचा हात धरणे आम्हाला झेपणार नाही, हे मला दिसते आहे. नेमके काय वगळावे, आणि विशेषतः सासूबाईंचे मन न दुखावता त्यांच्या पिशवीविषयी कसे बोलावे, हे कोणी अनुभवाने सांगेल का?

रानवाट, मडगाव

केवडाताई, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्या तिकिटांतच आहे. वातानुकूलित तृतीय श्रेणीत रेल्वे प्रत्येक प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेऊ देते. देशांतर्गत विमानात मात्र बहुतेक कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलो विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात एवढीच मुभा देतात. जाताना बाकाखाली निमूट सरकलेले सामान येताना विमानतळावरच्या काट्यावर अडते, आणि तिथे जादा किलोमागे पैसे मोजावे लागतात. म्हणून सगळा हिशेब परतीच्या विमानापासून मागे करावा आणि जाताना माणशी दहा किलोंच्या वर जाऊ नये. येताना काही ना काही वाढतेच.

वजन करायला सुरुवात रिकाम्या बॅगेपासून करा, कारण हे कोणी करत नाही. कडक कवचाची मोठी बॅग रिकामीच चार किलोंच्या आसपास भरते, म्हणजे विमानाच्या मुभेतला चौथा हिस्सा आत एक रुमालही न ठेवता संपतो. शिवाय मोठी बॅग दिसली की ती भरेपर्यंत घरातल्यांना चैन पडत नाही. मध्यम आकाराच्या दोन हलक्या बॅगा आणि मोठ्यांना पाठीवरची एकेक सॅक एवढ्यात तुमचे चौघांचे भागेल.

चादरी आजच कपाटात ठेवा. वातानुकूलित डब्यात दोन चादरी, उशी आणि ब्लँकेट मिळते, आणि डिसेंबरात हरिद्वारच्या धर्मशाळांमध्ये किंवा हॉटेलांमध्ये रजई असतेच. खोली घेताना फक्त विचारून घ्यावे.

रोज बाहेर पडताना काय हातात असेल, याचाही विचार इथूनच करावा. मथुरेच्या जन्मभूमी मंदिरात मोबाईल, कॅमेरा आणि पिशव्या आत नेऊ देत नाहीत, दिल्लीच्या अक्षरधामलाही तोच नियम आहे, आणि ताजमहालात खाद्यपदार्थ व मोठ्या पिशव्या चालत नाहीत. (ताज शुक्रवारी बंद असतो आणि अक्षरधाम सोमवारी, तेव्हा वारही पाहून ठेवा.) दोन मुक्कामांच्या मध्ये सामान स्थानकावरच्या क्लोकरूममध्ये ठेवायचे झाले, तर कुलूप लावलेली बॅगच तिथे स्वीकारतात. तोंड बांधलेल्या कापडी पिशव्या आणि दोरीने आवळलेले खोके घेऊन फिरणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. चार नग कमी आणि सगळे बंद होणारे, असे सामान असले की दिवस मोकळा मिळतो.

सगळे भरून झाल्यावर एक परीक्षा घरीच घ्यावी. प्रत्येक मोठ्या माणसाने आपापली बॅग उचलून एक जिना चढावा आणि लगेच उतरावा, मध्ये कोणाला हाक मारू नये. स्थानकावरचा पूल याहून उंच असतो. जिन्यात दम लागला तर बॅग उघडून पुन्हा बसावे.

आबोली, डिचोली

रानवाट यांनी वजनाचे सांगितले आहे, मी सासूबाईंच्या पिशवीविषयी लिहिते, कारण तो प्रश्न वजनाचा नाही.

तुम्ही घर बंद करून निघाल तेव्हा देवघरातल्या देवांची पूजा कोण करणार आहे, हे आधी ठरवा. शेजारचे कोणी किंवा नात्यातले कोणी येऊन रोज दिवा लावणार असेल, तर त्यांना ताम्हन, पळी-पंचपात्र, सहाण आणि समई घरातच लागेल. ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर घाला आणि देवघरात काय काय मांडून ठेवायचे ते त्यांनाच विचारा. उपकरणी देवांसाठी घरी राहिली, ओझे होते म्हणून काढून टाकली नाहीत, हे त्यांना मनापासून पटेल, आणि ते खरेही आहे. सोबत त्यांनी जपमाळ, स्तोत्रांची लहान पोथी, हळदीकुंकवाची छोटी करंडी आणि घट्ट झाकणाचा तांब्याचा लहान गडू घ्यावा. तोच गडू येताना गंगाजल घेऊन येईल. तीर्थाच्या ठिकाणी फुले, वाती आणि दिव्याचे द्रोण घाटावर पावलोपावली मिळतात.

आमच्या भागातून आषाढीला पंढरपूरला पायी दिंड्या जातात. त्यांतल्या वयस्क बायकांची खांद्यावरची झोळी उघडून पाहावी: हरिपाठाची पोथी, टाळ, गंधाची डबी, पाण्याची बाटली, एक लुगडे. बाकीचे बोचके गाडीत असते, आणि तेही मुक्कामाला एका हाताने उतरवता येईल एवढेच. सासूबाईंच्या ओळखीत कोणी वारी केलेले असेल, तर निघण्यापूर्वी त्यांची गाठ घालून द्या. सुनेने सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा त्या बाईंचे एक वाक्य जास्त लागू पडेल.

कपड्यांत सगळा प्रश्न वाळण्याचा असतो. सुती साडी पाणी धरते, घडीला जाड होते आणि थंड, दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलसर राहते. सिंथेटिक साडी रात्री धुऊन पंख्याखाली टाकली तर सकाळी नेसता येते आणि तिची घडी तळहाताएवढी होते. सासूबाईंना तीन साड्या पुरतात: एक अंगावर, एक धुण्यात, एक राखीव. जीन्स मुळीच घेऊ नका. टर्किश टॉवेलही ठेवून द्या आणि प्रत्येकी एक पंचा घ्या. धुतलेला कपडा पिळून झाला की कोरड्या पंचावर पसरावा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करावी आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्यावा. उरलेले बरेचसे पाणी पंचा शोषून घेतो आणि वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. पंचा स्वतः तासाभरात वाळतो.

खाण्याचे जिन्नस गाडीतल्या दोन रात्रींपुरतेच घ्यावेत. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची सुकी चटणी आणि थोडे लाडू हे सगळे मथुरा येईपर्यंत संपले पाहिजे आणि कागदात बांधलेले असले पाहिजे, कारण स्टीलचे रिकामे डबे पुढे सगळ्या प्रवासभर उगाच वाहावे लागतात. उकडे तांदूळ शिजवायला चूल लागते, वेळ लागतो, आणि तुम्ही खोल्यांत राहणार, तेव्हा ते घरीच राहू द्या. सोले मात्र मूठभर घ्या. गरम पाण्यात घालून मीठ-साखर टाकली की परक्या जेवणानंतर सासूबाईंच्या पोटाला आराम पडेल, आणि त्यांना वजनच नसते.

खोबरेल तेलाची बाटली नेऊच नका. तापमान साधारण २४ अंशांखाली गेले की ते थिजू लागते, आणि उत्तरेच्या डिसेंबरात बाटलीच्या निमुळत्या तोंडातून ते बाहेर निघणार नाही. रुंद तोंडाच्या छोट्या डबीत चार चमचे घाला, बोटाने काढून लावता येते.

खाजन, म्हापसा

वरचे बहुतेक पटले, तरी दोन ठिकाणी मला थांबावेसे वाटते.

पहिले थंडीचे. कमी सामानाच्या उत्साहात आपण गोव्याची माणसे नेमके गरम कपडे कमी करतो, कारण इथल्या थंडीत पातळ शाल पुरते. तिकडे त्या दिवसांत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते आणि लहान मुले व वयस्क माणसे यांना त्याचा त्रास आधी होतो. हे कपडे कमी करू नका, फक्त ते जाड एकाऐवजी पातळ अनेक असे घ्या. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट असे तीन थर एका जाडजूड कोटापेक्षा जास्त ऊब देतात, कारण ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेने राहते, आणि दुपारी ऊन चढले की एकेक थर काढता येतो. कानटोपी आणि लोकरी मोजे नक्की हवेत. जाकिटे विकत घेऊ नका, पुण्या-मुंबईकडे किंवा उत्तरेत राहून आलेल्या नातेवाइकांकडून मागून आणा. परतताना सर्वांत जड जाकीट अंगात घालून विमानात बसावे. अंगावरच्या कपड्यांचे वजन कोणी करत नाही.

दुसरे, सॅकविषयी. ज्याची कंबर किंवा गुडघा दुखतो त्याच्या पाठीवर सात-आठ किलो देऊ नयेत, मग जिन्याची परीक्षा तो उत्तीर्ण झाला तरीही. सासूबाईंच्या हाती फक्त एक शबनम पिशवी असावी आणि तिच्यात औषधे, चष्मा व शाल एवढेच असावे.

आता दुप्पट न्यायच्या दोनच वस्तू. एक चष्मा: वृंदावनात माकडे डोळ्यांवरचा चष्मा ओढून नेतात, हे तिथे जाऊन आलेला कोणीही सांगेल. सासूबाई चष्म्यावाचून चालू शकत नसतील तर जुना चष्मा बरोबर असू द्या आणि गल्ल्यांतून चालताना मोबाईलही हातात धरू नका. दुसरी औषधे: रोजच्या गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत घ्या आणि साठा दोन पिशव्यांत विभागा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या आणि विमाने तासन्‌तास रखडतात, म्हणून तीन-चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात. घरात कोणी इन्शुलिन घेत असेल तर ते विमानाच्या पोटात टाकू नये, तिथे ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. पॉवर बँकही हातातल्या पिशवीतच लागते. ती १०० वॉट-तासांच्या आतली असावी, आणि बाजारातली २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तास भरते, तेव्हा एकच पुरे.

केवडा, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. आबोलीताईंचे म्हणणे मी काल संध्याकाळी सासूबाईंना सांगितले, तर त्यांनी स्वतःच ताम्हन आणि समई काढून देवघरात ठेवली आणि शेजारच्या काकूंना कोणत्या दिवशी काय करायचे ते सांगायला गेल्या. चादरी, तांदूळ आणि जीन्स परत कपाटात गेल्या आहेत. मोठ्या बॅगांपैकी एक घरीच राहील. मुलीला मी एकच खेळणे निवडायला सांगितले आहे, त्यावर अजून तिचा विचार चालू आहे.

आता एवढेच राहिले आहे की गंगाजल विमानातून कसे आणावे, आणि मथुरेचे पेढे व लोकरी कपड्यांची थोडीफार खरेदी झालीच तर ती कशी सामावून घ्यावी?

रानवाट, मडगाव

गंगाजल हातातल्या पिशवीत नको, ते पोटात जाणाऱ्या बॅगेत द्यावे. गडू काठोकाठ भरू नये, दोन बोटे जागा सोडावी. झाकणाभोवती चिकटपट्टी फिरवून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत ठेवावा. वाटायला जास्त हवे असेल तर लिटरभर पुरे होते, घरी साध्या पाण्यात थेंबभर मिसळले तरी आपल्याकडे ते चालते.

मथुरा तुमच्या वाटेवर सुरुवातीलाच येते, आणि खव्याचे पेढे पुढचा सगळा प्रवास करून गोव्यापर्यंत आणणे धोक्याचे आहे. तिथे पोटभर खा. घरच्यांसाठी काही न्यायचेच असेल तर शेवटच्या दिवशी दिल्लीत कोरडे, टिकाऊ असे घ्या. खरेदीसाठी एक घडी होणारी कापडी पिशवी बॅगेच्या तळाशी टाकून ठेवा. लोकरी कपड्यांची खरेदी वाढली तर हरिद्वारच्या टपाल कार्यालयातून घरच्या पत्त्यावर पार्सल करा, विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरण्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडते. फोंड्याला पार्सल येईल तेव्हा घेणारे कोणी घरी असेल, किंवा काकूंचा पत्ता द्याल, एवढे मात्र पाहून ठेवा.