मदत हवी आहे: क्रोशाचा त्रिकोणी रुमाल झालरीसारखा होतोय

मैत्रिणींनो, मी जळगावची. क्रोशाची सुई हातात धरून जेमतेम महिना झालाय. साखळी, मुका खांब आणि खांब एवढेच टाके येतात. भाचीसाठी डोक्याला बांधायचा त्रिकोणी रुमाल करतेय, तो बंडाना म्हणतात ना, तसा. जाळीदार, हलका आणि कडेला छोट्या पाकळ्या.

आधी घरातल्या उरलेल्या अ‍ॅक्रेलिक लोकरीचा केला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यात ती लोकर डोक्याला कोण बांधणार! उसवून टाकला. आता बारीक सुती दोरा आणलाय, सुई २.५ मिमीची.

टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक ओळीत दोन्ही कडांना दोन-दोन खांब वाढवते, मध्ये एक खांब, एक साखळी अशी जाळी. सहाव्या ओळीपर्यंत छान होतं, मग कडा लहरायला लागल्या. सासूबाईंनी बघितलं आणि अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ रुमाल शे का झालर?" (हा रुमाल आहे की झालर?)

वाढ जास्त होतेय का? एकाच कडेला वाढवू की एक ओळ सोडून? की माझा हातच सैल आहे? आणि बांधायच्या दोऱ्या नुसत्या साखळीच्या केल्या तर ताणून लांब होतील ना, त्यावर मुक्या खांबांची एक ओळ घालू का?

ओला करून टाचण्या लावून वाळवला तर सरळ होईल, असं एक ताई म्हणाल्या. पण चूक विणीतच असेल तर पाण्याने काय होणार?

फोटो टाकते. उसवायला सांगितलंत तरी चालेल, सवय झालीय.