गाडी थांबवायला लावणाऱ्या गोष्टी : खानदेशी अनुभव धागा

खानदेशातली सहल बहुतेक देवाच्या नावाने निघते. पद्मालय, मनुदेवी, सारंगखेडा, नाहीतर थेट सप्तशृंगी. दर्शन होतं, नारळ फुटतो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपते. पण पोरांच्या डोक्यात पुढे वर्षानुवर्षं राहतं ते वाटेतलं काहीतरी भलतंच. ढाब्याबाहेरचा सिमेंटचा वाघ, जत्रेतला वेडावाकडा आरसा, 'फक्त पाच मिनिटं' म्हणून थांबलेली जीप आणि तासाभराने चिडलेले आबा. या धाग्यात ते हवंय. मुक्कामाचं ठिकाण सांगू नका, ते सगळ्यांना माहीत आहे. जरा भडक, जरा भंपक असेल तर उत्तमच.

सुरुवात मीच करते. आमचं एरंडोल. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, हे आमच्या पोरांना शाळेआधी कळतं. पांडववाडा गावात, बकासुराला मारला ती जागा पद्मालयाच्या रानात, तिथे भीमकुंड. त्यामुळे पाहुणे आले की आबा गाइड. पण आम्हा भावंडांचा हट्ट फरकांड्याचा. तिथले झुलते मनोरे : एक हलवला की दुसरा हलतो, अशी ख्याती. आबा कुणाला तरी वर पाठवायचे आणि आम्ही खाली माना वर करून उभे. हलला, हलला! नाही रे, ढग सरकतोय! यावर परतीच्या पूर्ण रस्त्यात भांडण. दोघांतला एक मनोरा पुढे पडला, त्यामुळे तो वाद आता कायमचा अनिर्णित. ना तिकीट, ना पाटी, ना कठडा. माझ्या मते जिल्ह्यातलं सगळ्यात भारी आकर्षण तेच होतं.

भुसावळ

उन्हाळ्यात मुंबईचे मामेभाऊ आले की त्यांना अजिंठा दाखवणं हे आमच्यावरचं सरकारी काम होतं. जळगावहून साठेक किलोमीटर. लेणी पाहताना सगळे जांभया द्यायचे (मीसुद्धा, दहा वर्षांच्या पोराला पद्मपाणीचं काय), आणि खाली उतरलो की जाग यायची. तिथे दगडवाले. बटाट्याएवढा खडबडीत गोळा, दोन भाग केलेले, उघडला की आत पांढरे नाहीतर जांभळे स्फटिक चमचम करणार. विक्रेता पुडी सोडल्यासारखा हळूच उघडायचा. आमचे जिभाऊ लांबूनच ओरडायचे, "चाल रे भो, बठ गाडीमा! तो दगड नई, काच शे!"

मग भावाची घासाघीस. आपण गाडीकडे चालायला लागलो की भाव उतरतो, दार लावलं की आणखी उतरतो, ड्रायव्हरने चावी फिरवली की दगड खिडकीतून मांडीवर येतो. घेतलेला दगड आमच्या शोकेसमध्ये ताजमहाल आणि थर्मामीटरवाल्या शंखाच्या मध्ये विराजमान झाला. जिभाऊ येतील तेव्हा त्याला 'काच' म्हणायचे.

पुढे पुतणी भूगर्भशास्त्र शिकली. तिने सांगितलं की दख्खनच्या बेसाल्टमध्ये लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, आणि त्यांत पाण्यातून उतरलेल्या खनिजांचे स्फटिक वाढतात. क्वार्ट्झ, झिओलाइट वगैरे. म्हणजे दगड बहुधा अस्सल. जांभळ्या रंगाची मात्र तिने हमी दिली नाही, काही ठिकाणी रंग देतात म्हणे. जिभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग रंगेल काच शे."

नंदुरबार

आमच्याकडे आकर्षण नाकातून सुरू होतं. हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पडल्या की गावाबाहेर जमीन लाल. नुसती लाल नाही, डोळ्यांत भरेल अशी लाल, मध्ये बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. सुरतेची फुई, म्हणजे आत्या, यायची ती काच खाली करून "वा, काय सुंदर" म्हणायची आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत अख्खी गाडी शिंकायला लागायची. दर वर्षी. तिला आम्ही मुद्दाम सांगायचो नाही.

धुळे

सोनगीर. आग्रा रोडला लागून तांब्या-पितळेची दुकानं, बाहेर हंडे, घागरी, बंब मांडलेले आणि उन्हात डोळे दिपवणारे. शिरपूरला मामाकडे जाताना आई नुसतं 'भाव विचारून येते' म्हणून उतरायची. भांडं वजनावर विकतात, तेव्हा आधी काटा, मग काट्यावर संशय, मग जुनं भांडं मोडीत घालायचा हिशेब. तोवर आम्ही सोनगीरच्या किल्ल्याकडे बघत बसणार. एकदा तिने खरंच बंब घेतला. अॅम्बॅसेडरच्या डिकीत मावेना म्हणून पुढच्या सीटवर बंब बसला आणि वडील मागे आमच्यात. मामाच्या दारात आधी बंब उतरला.

चोपडा

उनपदेव. गोमुखातून गरम पाणी. पाय कोण जास्त वेळ धरतो याची पैज. बस, बाकी काही नाही, पण पुन्हा लहान झालो तर तिथेच जाईन.

साक्री

आमची पिढी जरा नंतरची, आमचं आकर्षण पवनचक्क्या. ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावर त्या उभ्या राहिल्या तेव्हा लोक रविवारी डबा घेऊन बघायला जायचे. मला चक्क्यांपेक्षा त्यांची पाती वाहणारे ट्रेलर आठवतात. एकच पातं, आणि ट्रेलर वळणावर अडकला की दोन्हीकडे रांगा. पोरं खाली उतरून पात्याची लांबी पावलांनी मोजायची, मोठी माणसं ड्रायव्हरला सल्ले द्यायची. चहावाला कुठून उगवायचा कळायचं नाही.

पाचोरा

पीजे कुणीच कशी लिहिली नाही? पाचोरा-जामनेर नॅरोगेज, ५६ किलोमीटर. शेंदुर्णी-पहूरकडे जाताना ती दिसली की वडिलांना गाडी हळू करायला लावायची आणि आगगाडीशी शर्यत. शर्यत जिंकण्यात मजा नव्हती, कारण सायकलच्या वेगाने गेली तरी मोटारच जिंकायची. डब्यातली माणसं दारात पाय सोडून बसलेली, तीच आमची कीव करत हात हलवायची. आता छोटी गाडी बंद झाली आणि ब्रॉडगेजचं निघालं. सोय होईल, तक्रार नाही. पण ब्रॉडगेजशी शर्यत कोण लावणार?

शहादा

सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताचं दर्शन आणि घोड्यांचा बाजार. देशभरातून घोडे येतात, लाखांत बोली लागते, नाचणारे घोडे, शुभ्र घोडे, नजर ठरत नाही. आणि आमच्या घरात यात्रेचा एकुलता एक फोटो आहे तो स्टुडिओच्या तंबूतल्या लाकडी घोड्यावरचा, मागे पडद्यावर विमान आणि धबधबा. तंबूबाहेर खरे घोडे खिंकाळतायत आणि मी आत काळा चष्मा लावून लाकडी लगाम धरलाय. वडील म्हणायचे, खरा घोडा स्थिर कुठे उभा राहतो फोटोला.

धुळे, दुसरे

वरच्या धुळेकरांनी लळिंगच्या बाजूचा लांडोर बंगला सोडला. १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे मुक्कामी होते, म्हणून ३१ जुलैला लोक जमतात. याला भंपक म्हणणार नाही. पण पोरांच्या नजरेने सांगायचं तर पावसात भिजलेली कुरणं, भीमगीतांच्या कॅसेटींचे स्टॉल एकमेकांवर मात करत लावलेले, आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या चौकटीतली तसबीर. ती तसबीर आम्ही घेतली. दिवे लगेच गेले, वडिलांनी नवे बसवले, अजून लागतात.

जळगाव

शेगावच्या आनंदसागरची झुकझुक गाडी!

भुसावळ

शेगाव विदर्भात आहे भाऊ.

जळगाव

गाडी तर खानदेशातून निघायची ना.

फैजपूर

मला एक विचारायचंय. सावद्याच्या अलीकडे एका ढाब्यासमोर सिमेंटचा केळीचा घड होता, माणसाहून उंच, हिरवा-पिवळा रंग आणि खाली 'सुस्वागतम'. आजूबाजूला मैलोन् मैल खरी केळी उभी, तरी आमची गाडी त्या सिमेंटच्या घडाशीच थांबायची. ढाबा आता सापडत नाही. कुणाकडे फोटो आहे का?

रावेर

आहे. पण काका मधोमध उभे आहेत, घडाची फक्त दोन केळी दिसतात. चालेल का?